घर स्वस्त, बाकीचं काय? अलाबामातलं रोजचं जगणं

अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय कुटुंबांच्या गप्पांमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात आयुष्यभर भाडं भरत बसायचं, की दक्षिणेकडच्या एखाद्या स्वस्त राज्यात जाऊन स्वतःचं घर घ्यायचं? मग कुणीतरी ‘सर्वांत परवडणारी राज्यं’ अशी यादी फॅमिली ग्रुपवर टाकतं. त्या यादीत बहुतेक वेळा एक नाव असतंच, ते म्हणजे अलाबामा.

आपल्याकडच्या आई-बाबांना हे नाव फारसं माहीत नसतं. ‘अलाबामा म्हणजे नेमकं कुठे गं?’ हा पहिला प्रश्न. नकाशात अटलांटा शोधा आणि थोडं डावीकडे सरका. आकाराने हे राज्य महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५० लाख २४ हजार होती, म्हणजे मुंबईच्या निम्मीही नाही. राज्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. थोडक्यात, जागा भरपूर आणि माणसं कमी.

माझी एक मावसबहीण चार वर्षांपासून नवरा आणि मुलीसोबत तिथल्या हंट्सव्हिल शहरात राहते. तिच्याशी बोलून आणि बरंच वाचून माझं जे मत झालं, ते आधीच सांगून टाकते. अलाबामा स्वस्त आहे, यात शंका नाही. पण ते कुणाला स्वस्त पडतं, हा प्रश्न घराच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

पैशाचं गणित

अलाबामात सर्वसाधारण घराची किंमत सव्वादोन ते अडीच लाख डॉलरच्या आसपास असते. कॅलिफोर्नियात हाच आकडा साडेसात लाखांच्या घरात जातो. म्हणजे तिथल्या एका घराच्या पैशात इथे तीन घरं येतील.

खरी गंमत मात्र घर घेतल्यानंतर कळते. अमेरिकेत घराच्या किमतीवर दरवर्षी मालमत्ता कर भरावा लागतो आणि तो आपल्या घरपट्टीसारखा किरकोळ नसतो. न्यू जर्सीत तो साधारण दोन टक्क्यांहून अधिक पडतो, म्हणजे तीन लाखांच्या घरावर वर्षाला सहा हजार डॉलरच्या पुढे. अलाबामात तुम्ही स्वतः राहत असलेल्या घराची करासाठीची किंमत बाजारभावाच्या फक्त १० टक्के धरतात आणि कर त्या १० टक्क्यांवर लागतो. त्यामुळे त्याच किमतीच्या घराला, शहरानुसार, बाराशे ते सतराशे डॉलरच्या आसपास कर येतो. देशातल्या सर्वांत कमी मालमत्ता करांपैकी हा एक आहे.

हे वाचून बॅगा भरायला घेऊ नका. सरकारला पैसे कुठून तरी लागतातच. इथे ते दुकानाच्या बिलातून येतात. हंट्सव्हिलमध्ये साध्या वस्तूंवर एकूण ९ टक्के विक्रीकर लागतो, तर बर्मिंगहॅम आणि माँटगोमेरीत १० टक्के. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत दूध, भाजी, पीठ अशा किराणा सामानावर राज्याचा विक्रीकर नसतो. अलाबामात तो आहे. आधी ४ टक्के होता, सप्टेंबर २०२३ मध्ये ३ झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २ टक्के. शहराचा आणि कौंटीचा कर त्यावर वेगळा. (कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी.)

आता गंमत पाहा. मोठं घर असणाऱ्याचा कर कमी, पण पिठाच्या पिशवीवरचा कर सगळ्यांना सारखाच. लठ्ठ पगाराच्या माणसाला तो जाणवतही नाही. तासाला सव्वासात डॉलर मिळवणाऱ्याला मात्र जाणवतो. अलाबामाने स्वतःचं किमान वेतन ठरवलेलंच नाही. त्यामुळे तिथे केंद्राचा ७.२५ डॉलरचा दर लागू आहे आणि तो जुलै २००९ पासून बदललेला नाही. आठवड्याला ४० तास, वर्षाचे सगळे ५२ आठवडे काम केलं तरी हातात १५,०८० डॉलर. घर कितीही स्वस्त असलं, तरी या पैशात घर होत नाही.

रॉकेटचं शहर

हंट्सव्हिल हे राज्याच्या उत्तर टोकाचं शहर. १९५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वेर्नर फॉन ब्राउन आपल्या चमूसह इथे आले आणि कापसासाठी ओळखलं जाणारं हे छोटं गाव रॉकेटचं शहर झालं. माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न-५ रॉकेट इथल्या मार्शल स्पेस फ्लाइट सेंटरच्या देखरेखीखाली तयार झालं. नासाचं हे केंद्र आणि शेजारचा रेडस्टोन आर्सेनल हा लष्करी तळ यांच्याभोवती शेकडो कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. २०२० च्या जनगणनेत हंट्सव्हिलने बर्मिंगहॅमला मागे टाकलं आणि ते राज्यातलं सर्वांत मोठं शहर ठरलं. २०२२ मध्ये ‘यूएस न्यूज’ने राहण्यासाठी देशातलं सर्वोत्तम शहर म्हणून याच शहराला पहिला क्रमांक दिला.

इथे भारतीय कुटुंबांना एक गोष्ट बहुधा उशिरा कळते. संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातल्या पुष्कळ नोकऱ्यांसाठी अमेरिकन नागरिकत्व लागतं. एच-१बी व्हिसावर असलेल्या इंजिनीअरसाठी ती दारं बंदच असतात. एकाला नोकरी मिळाली म्हणून सगळं बिऱ्हाड हलवलं आणि जोडीदाराला मात्र शहरातल्या निम्म्या जाहिरातींना अर्जच करता येत नाही, असं होऊ शकतं. शिवाय कॅलिफोर्नियात नोकरी गेली तर समोरच्या रस्त्यावर दुसरी कंपनी असते. इथे पर्याय मोजके असतात आणि एच-१बी वर नवी नोकरी शोधायला साधारण ६० दिवसच मिळतात. हे दोन मुद्दे घराच्या किमतीच्या आधी तपासायला हवेत, असं मला वाटतं.

राज्यात वाहन उद्योगही मोठा आहे. टस्कलूसाजवळ मर्सिडीज, लिंकनला होंडा, माँटगोमेरीत ह्युंदाई आणि हंट्सव्हिलमध्ये माझ्दा-टोयोटाचा एकत्र कारखाना.

गाडीशिवाय पाऊल नाही

गाड्या बनवणाऱ्या या राज्यात गाडी नसलेल्या माणसाचे हाल आहेत. शहरांत बस आहेत, पण मोजक्या मार्गांवर आणि बऱ्याच वेळाने येणाऱ्या. १९५२ पासून राज्यघटनेतच तरतूद आहे की पेट्रोलवरच्या कराचा पैसा रस्ते आणि पुलांवरच खर्च व्हावा. सार्वजनिक वाहतुकीच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. ज्या माँटगोमेरीत डिसेंबर १९५५ पासून कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकून इतिहास घडवला, त्या राज्यात आज बसची ही अवस्था आहे.

म्हणून नवरा-बायको दोघं बाहेर पडणारे असतील तर दोन गाड्या धराच. दोन हप्ते, दोन विमे, दोघींचं पेट्रोल. न्यू जर्सीतून ट्रेनने कामाला जाणाऱ्या कुटुंबाला हा खर्च नवा असतो आणि घरात वाचलेल्या पैशांतला बराचसा वाटा तो खाऊन टाकतो.

पण याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला होतो, माहितीये? भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना. मुलगी-जावई कामावर, नात शाळेत, आणि घराबाहेर चालत जाण्यासारखं ठिकाणच नाही. ना वाणी, ना देऊळ, ना बाकावर बसलेले चार समवयस्क. माझी मावशी इथे दिवसातून तीन वेळा खाली उतरते, कधी कोथिंबीर आणायला, कधी नुसतीच. हंट्सव्हिलच्या त्या प्रशस्त घरात तिला दुसऱ्याच आठवड्यात कंटाळा आला. ‘घर मोठं आहे गं, पण दार उघडून जायचं कुठे?’ हे तिचं म्हणणं.

या संदर्भात एक घटना सांगायलाच हवी. फेब्रुवारी २०१५ मध्ये हंट्सव्हिलला लागून असलेल्या मॅडिसनमध्ये, गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे आजोबा मुलाच्या घराजवळ सकाळी फिरायला बाहेर पडले होते. एका शेजाऱ्याने ‘अनोळखी माणूस फिरतोय’ असं पोलिसांना कळवलं. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. एका पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि मणक्याला गंभीर दुखापत होऊन त्यांच्या शरीराला अंशतः लकवा झाला. राज्याच्या गव्हर्नरांनी भारताकडे माफी मागितली. त्या पोलिसावरच्या केंद्रीय खटल्यात दोनदा ज्युरींचं एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं.

यावरून सगळं राज्य असंच आहे असं म्हणणं चूक ठरेल. पण आई-बाबा येणार असतील तर आजूबाजूच्या घरांशी त्यांची ओळख करून देणं, त्यांच्या खिशात पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी असणं, हे तिथली बरीच भारतीय कुटुंबं आता आवर्जून करतात.

उकडलेल्या शेंगा आणि ‘येस मॅम’

एवढं वाचून वाटेल की तिथली माणसं तुटक असतील. उलट आहे! दुकानात, रस्त्यावर, लिफ्टमध्ये अनोळखी माणूस हसून ‘हाउ आर यॉल’ विचारणार. मुलांना मोठ्यांना ‘येस मॅम’, ‘येस सर’ म्हणायला शिकवतात. शेजारच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं उद्धटपणाचं मानतात, म्हणून नावाआधी ‘मिस’ लावायचं. आपल्या ताई-काकूच्या जवळ जाणारी ही पद्धत माझ्या भाचीने दोन दिवसांत उचलली. नव्या घरात राहायला गेल्यावर बहिणीकडे पहिल्याच आठवड्यात दोन शेजाऱ्यांनी केक आणि पाय आणून दिले.

गप्पांत लवकरच दोन प्रश्न येतात. एक, ‘तुम्ही कोणत्या चर्चला जाता?’ हा बहुतेक वेळा आपुलकीचाच असतो, ‘आम्ही हिंदू आहोत’ असं मोकळेपणाने सांगितलं की विषय पुढे सरकतो. आणि दोन, ‘अलाबामा की ऑबर्न?’ या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांवरून राज्य उभं दुभंगलेलं आहे. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्यांचा ‘आयर्न बोल’ सामना असतो, त्या दिवशी लग्नाची तारीख काढायची हिंमत कुणी करत नाही.

खाण्याच्या बाबतीत मराठी माणसाला इथे अनपेक्षित ओळखीच्या गोष्टी भेटतात. रस्त्याकडेच्या टपरीवर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात, अगदी आपल्याकडे पावसाळ्यात मिळतात तशा. दक्षिण अलाबामातलं डोथन हे गाव स्वतःला शेंगदाण्याची राजधानी म्हणवतं. भेंडी इथली आवडती भाजी आहे, फक्त ती मक्याच्या पिठात घोळवून तळतात. ‘ग्रिट्स’ म्हणजे मक्याच्या कण्या, न्याहारीला लोणी घालून. आणि चहा मागितलात तर बर्फ घातलेला, साखरेने ठासून भरलेला गार चहा समोर येतो. तो पिऊन बाबांचा चेहरा काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा.

उन्हाळा मात्र कोकणासारखाच चिकट. भारतीय वाण्याची दुकानं हंट्सव्हिल आणि बर्मिंगहॅमला आहेत. बर्मिंगहॅमजवळच्या पेलहॅममध्ये हिंदू मंदिर आहे. मोठी खरेदी, पासपोर्टची कामं आणि भारताचं विमान यांसाठी बहुतेकदा अटलांटा गाठावं लागतं, कारण भारताचं वाणिज्य दूतावास तिथे आहे. हंट्सव्हिलहून गाडीने साडेतीन-चार तास.

भोंगा वाजला की

अलाबामात टॉर्नेडो येतात. मार्च ते मे हा मुख्य काळ आणि नोव्हेंबरच्या सुमारास पुन्हा एक छोटा हंगाम. २७ एप्रिल २०११ या एकाच दिवशी राज्यात साठाहून जास्त टॉर्नेडो झाले आणि जवळपास अडीचशे माणसं गेली. टस्कलूसा शहराच्या मधून एक चक्रीवादळ गेलं. हंट्सव्हिल परिसरात कित्येक दिवस वीज नव्हती.

तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला दोन शब्द पाठ असतात. ‘वॉच’ म्हणजे वादळ होण्यासारखं हवामान आहे, सावध राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसलंय किंवा रडारवर आलंय, ताबडतोब आडोशाला जा. घराच्या सर्वांत खालच्या मजल्यावर, मधोमध, खिडकी नसलेल्या खोलीत, बहुधा बाथरूममध्ये किंवा कपड्यांच्या कपाटाच्या खोलीत बसायचं. बहीण सायकलची हेल्मेट तिथेच टांगून ठेवते. घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची असतात आणि अनेकांना तळघर नसतं, म्हणून काही जण गॅरेजमध्ये पोलादी शेल्टर बसवून घेतात. त्याला काही हजार डॉलर लागतात. सगळ्यात धोक्यात असतात ते ‘मोबाइल होम’मध्ये, म्हणजे कारखान्यात तयार करून आणून ठेवलेल्या हलक्या घरांत राहणारे. स्वस्त राज्यातलं सर्वांत स्वस्त घर तेच असतं.

दवाखाना किती दूर?

बर्मिंगहॅममध्ये अलाबामा विद्यापीठाचं, यूएबी या नावाने ओळखलं जाणारं, देशातल्या मोठ्या रुग्णालयांपैकी एक आहे. चांगल्या कंपनीचा विमा असेल तर तिथे आणि हंट्सव्हिलमध्ये उपचारांची अडचण येत नाही. तरीही अलाबामाचं सरासरी आयुर्मान देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांमध्ये मोडतं. हे कसं?

एक कारण विम्यात आहे. गरिबांसाठीची मेडिकेड ही सरकारी योजना बहुतेक राज्यांनी २०१० च्या कायद्यानंतर वाढवली. अलाबामाने ती वाढवलेली नाही. त्यामुळे मूलबाळ नसलेल्या, अपंगत्व नसलेल्या प्रौढ माणसाला, उत्पन्न कितीही कमी असलं तरी, मेडिकेड मिळत नाही. गरोदर स्त्रियांना मिळतं आणि २०२२ पासून बाळंतपणानंतर वर्षभर चालू राहतं, ही चांगली गोष्ट. पण विमा नसलेले रुग्ण जास्त असले की छोट्या गावांतली रुग्णालयं तोट्यात जातात आणि बऱ्याचदा सर्वांत आधी प्रसूती विभाग बंद होतो. मन्रोव्हिल हे लेखिका हार्पर ली यांचं गाव. तिथल्या रुग्णालयात २०२३ च्या अखेरीस बाळंतपणं बंद झाली. आता तिथल्या गरोदर बायकांना दुसऱ्या गावी जावं लागतं.

बाळाचा विचार करणाऱ्या जोडप्यांनी आणखी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. जून २०२२ पासून राज्यात गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आहे. आईच्या प्रकृतीला गंभीर धोका असेल तरच अपवाद, बलात्काराच्या प्रकरणातही नाही. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेत जपलेला भ्रूणही कायद्याने ‘मूल’ ठरवला. तेव्हा काही आयव्हीएफ केंद्रांनी उपचार थांबवले आणि अर्ध्यातून उपचार सोडावे लागलेल्या बायका रडकुंडीला आल्या. मार्चमध्ये विधिमंडळाने घाईने केंद्रांना संरक्षण देणारा कायदा केला आणि उपचार पुन्हा सुरू झाले.

भारतातून आलेल्या आई-बाबांचा प्रवासी विमा मात्र याच्या बाहेरचा. त्यात आधीपासूनचे आजार बहुधा धरत नाहीत. बाबांना मधुमेह असेल तर अटी नीट वाचून घ्या.

काळ्या मातीचा पट्टा

राज्याच्या मध्यभागातून एक पट्टा जातो, त्याला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. नाव पडलं ते काळ्या कसदार मातीवरून. आपल्या विदर्भ-खानदेशासारखीच कापसाची जमीन. इथे गुलामांच्या श्रमावर कापूस पिकायचा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात हा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं, तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला. युद्ध संपलं आणि मुंबईचा बाजारही कोसळला.

त्या पट्ट्यातच, सेल्मा आणि माँटगोमेरीच्या मधे, लाउंड्स कौंटी आहे. मतदानाच्या हक्कासाठी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली निघालेला मोर्चा इथूनच गेला. आज तिथल्या अनेक घरांचं सांडपाणी मागच्या अंगणात उघड्यावर साचतं. चिकण माती पाणी शोषत नाही, साधी सेप्टिक टाकी चालत नाही, आणि योग्य यंत्रणेला हजारो डॉलर लागतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथे तपासलेल्या लोकांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांमध्ये अंकुशकृमीचे, म्हणजे हूकवर्मचे, अंश सापडले. कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स या तिथल्याच कार्यकर्तीने हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. त्या कामासाठी २०२० मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. २०२३ मध्ये केंद्र सरकारने राज्याच्या आरोग्य खात्याशी सुधारणेचा करार केला. एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला.

कमी मालमत्ता कराचा धागा इथे येऊन मिळतो. अलाबामाची १९०१ ची राज्यघटना कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याच्या उघड हेतूने लिहिली गेली होती. तिने जमिनीवरच्या करालाही घट्ट मर्यादा घातल्या. मोठ्या जमीनदारांना ते सोयीचं होतं. पुढे त्या मर्यादा आणखी आवळल्या गेल्या. आजही एखाद्या कौंटीला शाळेसाठी हा कर वाढवायचा असेल तर सहसा विधिमंडळाची परवानगी आणि लोकांचं मतदान, दोन्ही लागतं. हंट्सव्हिल-मॅडिसनसारख्या भागात घरं महाग, नोकऱ्या चांगल्या, म्हणून शाळाही चांगल्या. लाउंड्समध्ये कर लावायला फारसं काही नाहीच.

बहिणीला विचारलं, ‘परत न्यू जर्सीला जाशील?’ ती नाही म्हणाली. तिचं घर आहे, अंगण आहे, मुलीची शाळा चांगली आहे, महिन्याच्या शेवटी पैसे उरतात. मग थोडं थांबून म्हणाली, ‘आमच्याकडे दोन गाड्या आणि कंपनीचा विमा आहे ना, म्हणून.’

मावशी-काका येत्या मार्चमध्ये पुन्हा तिकडे जाणार आहेत, म्हणजे ऐन वादळांच्या दिवसांत. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस अलाबामात बॅटऱ्या, टॉर्च, वेदर रेडिओ अशा वस्तूंवर राज्याचा विक्रीकर माफ असतो. बहिणीने आई-बाबांच्या खोलीसाठी वेगळा रेडिओ घ्यायचं ठरवलंय. तो रात्री आपोआप वाजतो. वाजला की नातीच्या मागोमाग बाथरूममध्ये जायचं, एवढं मावशीला आत्ताच फोनवर पढवून झालंय.